स्वस्त लाकडी किचन कॅबिनेट: दारामागचा हिशेब

दुकानात मांडलेलं किचन बघताना नजर आधी दारांवर जाते. रंग, पोत, हँडल सगळं तिथेच असतं. पण दार हा कॅबिनेटचा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे, बिजागरी सोडवली की हातात येतो. बदलायला जड जातो तो मागचा बॉक्स, म्हणजे फळ्यांचा सांगाडा, आणि स्वस्त कॅबिनेट बाद होतं तेही बहुतेक तिथेच: तळाची कड पाणी पिऊन फुगते, बिजागरीचा स्क्रू सैल पडतो, नाहीतर फळी मध्यभागी बसते. म्हणून बाजारातले पर्याय इथे बॉक्सपासून तपासले आहेत. दारं नंतर.

निकाल आधीच सांगतो. अख्खं किचन एकाच मटेरियलचं करणं महागात पडतं, मग ते मटेरियल स्वस्त असो की भारी. सिंकखाली आणि जमिनीलगत बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही गोंद टिकणारा) प्लाय, वरच्या कोरड्या कपाटांना दोन्ही बाजूंनी लॅमिनेट असलेला पार्टिकल बोर्ड, खरं लाकूड फक्त दाराच्या चौकटीत, आणि वाचलेले पैसे ड्रॉवर सरकवणाऱ्या चॅनलमध्ये आणि बिजागऱ्यांत. कमी बजेटमध्ये याहून चांगली वाटणी आम्हाला दिसत नाही.

बॉक्स: पार्टिकल बोर्ड

लाकडाच्या चिपा आणि भुसा गोंदात दाबून केलेला हा बोर्ड तयार मॉड्युलर किचनमध्ये सर्वाधिक दिसतो. त्याला नावं ठेवायची पद्धत आहे, पण कोरड्या जागी तो उत्तम काम देतो. सपाट असतो, पीळ पडत नाही, जाडी एकसारखी असते, लॅमिनेट कारखान्यातच दाबून येतं. अडचण पाण्याची. लॅमिनेटमधून पाणी आत जात नाही. ते शिरतं उघड्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून आणि बिजागरीसाठी कोरलेल्या खळगीतून. एकदा फुगलेला बोर्ड वाळल्यावर पूर्ववत होत नाही, चिपांमधली पकड सुटलेली असते.

दुसरी अडचण स्क्रूची. बोर्डाच्या सपाट बाजूला स्क्रू बरा धरतो, कडेत धरत नाही. म्हणून जोडासाठी साधा स्क्रू न वापरता जाड आट्यांचा ७ बाय ५० मिमीचा कन्फर्मेट स्क्रू वापरावा लागतो, आणि त्याला कडेत ५ मिमीचं भोक आधी पाडावं लागतं. भोक न पाडता मशिनने दाबून बसवलेला स्क्रू कड फोडतो. ते त्या दिवशी दिसत नाही, बॉक्स उचलताना दिसतं. स्क्रूचं भोक निकामी झालं तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नयेत. ८ मिमीचं भोक करून लाकडी खुंटी गोंद लावून बसवावी, रात्रभर वाळू द्यावी आणि मग नव्याने छिद्र घ्यावं.

जाडी १८ मिमीच हवी. १६ मिमीचा बॉक्स उभ्या बाजूंना चालून जातो, फळीला नाही. फळीचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, त्यामुळे त्याच वजनाखाली १६ मिमीची फळी १८ मिमीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त वाकते.

लांबी तर त्याहून मोठा फरक करते. प्रत्येक फुटावर सारखंच वजन ठेवलं तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ९०० मिमीची फळी ६०० मिमीच्या फळीपेक्षा पाचपट झुकते. ताटं-पातेली ठेवायच्या ९०० मिमी रुंद कपाटात सुटी फळी देणारा विक्रेता हा हिशेब टाळतो आहे. उपाय तीन: मध्ये उभी फळी, २५ मिमी जाडीची फळी (ताठपणा जवळपास २.७ पट), किंवा समोरच्या कडेला ४० मिमी उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवणं. तिसरा सगळ्यात स्वस्त आणि दिसायलाही बरा.

एमडीएफ आणि त्याचे भाऊबंद

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड, रंगासाठी. त्याची दारं गुळगुळीत होतात, कोरीव खाच सुबक येते. बॉक्ससाठी मात्र त्याची शिफारस नाही. तो जड असतो, कडेत स्क्रू घातला की पदर सुटतो आणि साधा एमडीएफ पाणी पटकन पितो. ओलावा सोसणारा, जास्त घनतेचा एचडीएचएमआर हा वेगळा प्रकार. तो पार्टिकल बोर्डपेक्षा स्क्रू कितीतरी चांगला धरतो आणि प्लायपेक्षा सपाट असतो, त्यामुळे दारांना आणि ओट्याखालच्या बॉक्सला चालतो. वजन जास्त असतं, तेवढी बिजागरी मोजून लावायची. त्याचा हिरवा रंग बघून खात्री मानू नये. रंग कुठल्याही बोर्डात मिसळता येतो. शीटवरचा ग्रेडचा शिक्का आणि बिलातली नोंद जुळते का ते बघावं.

प्लाय

प्लाय म्हणजे पातळ लाकडी थर आडवे-उभे चिकटवलेले. वजनाच्या मानाने मजबूत, स्क्रू चांगला धरतो आणि भिजला तरी लगेच फुगून फुटत नाही. पण 'प्लाय आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण स्वस्त प्लाय आणि चांगला प्लाय वरून एकसारखे दिसतात.

एमआर (ओलावारोधक) ग्रेड दमटपणा सोसतो, भिजणं नाही. बीडब्ल्यूपीचा गोंद उकळत्या पाण्यात ७२ तास टिकावा लागतो. इथे एक गफलत कायम होते: ही कसोटी गोंदाची आहे, लाकडाची नाही. आतलं लाकूड हलकं, पोकळ्यांचं असेल तर गोंद टिकूनही प्लाय कुजतो. म्हणून कापलेली कड बघायला मागा. थरांमध्ये फटी, एकावर एक चढलेले तुकडे, मध्येच पुटी भरलेली जागा दिसली तर ती शीट नको. बोटाच्या पेराने शीटवर ठोकत जा. ठक्क आवाज मध्येच पोकळ झाला की आत फट आहे. एकाच मापाच्या दोन शीट उचलून बघा, बरीच हलकी असेल ती संशयास्पद.

प्लायची खरी कमजोरी दारात दिसते. उंच दाराला बाक येतो, विशेषतः लॅमिनेट एकाच बाजूला लावलं असेल तर. एक बाजू हवेतला ओलावा घेते, दुसरी घेत नाही, आणि दार धनुष्यासारखं वळतं. आतून फक्त पॉलिश मारून 'फिनिशिंग झालं' म्हणणाऱ्या सुताराला थांबवा. बाहेर १ मिमी असेल तर आत ०.७ किंवा ०.८ मिमीचं का होईना, लॅमिनेट हवंच. मीटर-दीड मीटरच्या पुढच्या दाराला ब्लॉकबोर्ड प्लायपेक्षा सरळ राहतो, कारण त्याच्या आत लाकडाच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने असतात.

गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या घातक वायूबद्दल थोडक्यात: बोर्डावर ई१ किंवा त्याहून कडक वर्ग लिहिलेला असावा. ई१ची मर्यादा चाचणी कक्षात दर घनमीटर हवेत ०.१२४ मिलिग्रॅम. वायू मुख्यतः उघड्या कडेतून सुटतो, म्हणून मागची, न दिसणारी कडसुद्धा पट्टीने किंवा वार्निशने बंद करून घ्यावी.

कडपट्टी

बोर्डाची कापलेली कड झाकणारी ही पट्टी. दोनशे पानांच्या कॅटलॉगमध्ये हिच्याबद्दल एक ओळ सापडली तरी नशीब. खरं तर स्वस्त किचनचं आयुष्य हीच ठरवते. दाराला २ मिमी पीव्हीसी किंवा एबीएस (दोन्ही प्लॅस्टिकच) पट्टी, बॉक्सच्या समोरच्या कडेला ०.८ किंवा १ मिमी. कागदी, इस्त्रीने चिकटवायची पट्टी फक्त न दिसणाऱ्या, कोरड्या जागी. जाड पट्टीला गोलाई देता येते, त्यामुळे भांडं आपटलं तरी टवका उडत नाही.

चिकटवायचा गोंद दोन प्रकारचा असतो. नेहमीचा ईव्हीए उष्णतेने मऊ पडतो. ओव्हनशेजारी, डिशवॉशरच्या वर किंवा वाफ येते तिथे पट्टीचं टोक सुटायला लागतं. पीयूआर गोंद एकदा बसला की पुन्हा वितळत नाही, पाणीही रोखतो. सगळ्या किचनला पीयूआर परवडत नसेल तर सिंकच्या आणि ओव्हनच्या युनिटपुरता मागा. हाताने ब्रशने गोंद लावून पट्टी बसवणार असतील तर निदान सिंकखालच्या बॉक्सची चारही बाजूंची कड आधी पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे दोन थर देऊन बंद करायला सांगा.

दुकानातली चाचणी सोपी आहे: दाराच्या कोपऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं, गोंदाची काळपट रेघ दिसली किंवा कोपऱ्यावर दोन पट्ट्यांमध्ये फट असली, तर मशिन नीट लावलेलं नाही. कारखाना नमुन्यावर अशी चूक करतो तर तुमच्या ऑर्डरवर काय करेल?

दारं: खरं लाकूड कुठे परवडतं

पाच तुकड्यांचं दार, म्हणजे चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये पॅनल, ही खऱ्या लाकडाच्या दाराची सर्वात शहाणी रचना. चौकट १८ ते २० मिमी जाड, पट्ट्या ५५ ते ७० मिमी रुंद. पॅनल खाचेत सुटं बसलेलं असतं, चिकटवलेलं नसतं, आणि हेच महत्त्वाचं. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं. ओकची ४०० मिमी रुंद, सपाट चिरलेली फळी ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर ५ ते ६ मिमी हलते. सागाची साधारण निम्मी. असं पॅनल गोंदाने जखडलं तर ते तडकतं किंवा चौकटीचा सांधा उघडतं. स्वस्त दारात पॅनल जखडलेलं असण्याची शक्यता जास्त. दोन अंगठ्यांनी पॅनल दाबून बाजूला सरकवून बघा; किंचित हललं तर बरोबर आहे.

बजेट कमी असेल तर चौकट खऱ्या लाकडाची आणि पॅनल त्याच जातीच्या व्हिनियरचं (लाकडाचा पातळ पापुद्रा), प्लाय किंवा एमडीएफवर दाबलेलं घ्या. ते जवळजवळ हलत नाही, दिसतं तेच, आणि खर्च उतरतो.

लाकडाची जात निवडताना रबरवूडचा विचार नक्की करावा. रंग फिकट, कठीणपणा मध्यम, स्टेन (लाकडाचा पोत दिसू देणारा रंग) चांगला घेतं, बोटासारख्या सांध्यांनी जोडलेल्या फळ्यांत मिळतं. पण ते बुरशीला आणि पोखरणाऱ्या किड्यांना लवकर बळी पडतं, म्हणून रासायनिक प्रक्रिया केलेलंच घ्यायचं आणि सिंकच्या दाराला लावायचं नाही. पाइन स्वस्त, पण मऊ. लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जांका कसोटीत इस्टर्न व्हाइट पाइन ३८० पौंड-बल तर रेड ओक १,२९०. पाइनच्या दारावर चमच्याच्या दांड्याचाही ठसा उमटतो. शिवाय त्याच्या गाठींतून राळ झिरपते आणि पांढऱ्या रंगातून पिवळे डाग वर येतात, आधी शेलॅकचा (लाखेचा) सीलर मारला नसेल तर. ओक रंगवू नये, त्याची रंध्रं रंगातून दिसत राहतात. मेपल आणि बर्च गडद स्टेन ठिपक्याठिपक्यांनी घेतात, त्यांना फिकटच ठेवावं.

आणि दारं अपारदर्शक रंगानेच रंगवायची असतील तर खऱ्या लाकडाचे पैसे देऊच नका. चौकटीच्या सांध्यावर रंगाला केसाएवढी भेग पडणारच, तो दोष नाही, लाकडाचा स्वभाव आहे. एकसंध एमडीएफमधून कोरलेलं दार कमी किमतीत जास्त नितळ दिसतं.

पीव्हीसी मेम्ब्रेनची, म्हणजे प्लॅस्टिकचं पातळ आवरण दाबून चढवलेली, दारं स्वस्त आणि बिनसांध्याची असतात, पण ओव्हनच्या उष्णतेने मेम्ब्रेन कडेपासून सुटतं, आणि सुटलं की दार बदलण्यावाचून इलाज नाही. ओव्हनपासून दूर असतील तर ठीक.

बिजागऱ्या आणि चॅनल

लपलेल्या बिजागरीची खळगी ३५ मिमी व्यासाची असते. ती दाराच्या कडेपासून ३ ते ६ मिमी आत हवी. त्याहून बाहेर गेली तर कड फुटते. ९०० मिमी उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या, १,६०० पर्यंत तीन, २,००० पर्यंत चार. दार जड असेल तर एक जास्त. बिजागरी तीन दिशांना फिरवता येणारी आणि क्लिप-ऑन असावी, म्हणजे दार स्क्रूड्रायव्हरशिवाय काढता येतं. बॉक्सची बाजू पूर्ण झाकणाऱ्या दाराला झिरो क्रँक (सरळ हाताची बिजागरी), दोन दारं एकाच बाजूवर टेकत असतील तर हाफ, आणि बॉक्सच्या आत बसणाऱ्या दाराला इनसेट. सुतार चुकीची आणतो आणि मग रंधा मारून दार बसवतो, हे वारंवार घडतं. रंधा मारलं की कडपट्टी गेली.

ड्रॉवरच्या बॉल-बेअरिंग चॅनलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२.७ मिमी जागा लागते. म्हणजे ड्रॉवरची बाहेरची रुंदी बॉक्सच्या आतल्या रुंदीपेक्षा २५ ते २६ मिमी कमी. ड्रॉवर मोठा झाला तर अडतो. दोन-तीन मिमीने लहान झाला तर चॅनल ताणलं जातं, डुगडुगतं आणि काही दिवसांनी गोळ्या बाहेर येतात. पूर्ण उघडणारं चॅनल घ्या; तीन-चतुर्थांश उघडणाऱ्यात मागची भांडी कायम अंधारात. तळ बघायला विसरू नका. ३ मिमी हार्डबोर्ड स्टेपल मारून लावलेला तळ पातेल्यांच्या वजनाने खाली येतो. खाचेत बसवलेला ६ मिमी प्लाय हवा, ९०० मिमी रुंद ड्रॉवरला ९ किंवा १२ मिमी.

जाळीच्या ओढायच्या टोपल्या, फिरते कोपरे, उचलायच्या झडपा यांवर खर्च करण्याआधी चांगल्या चॅनलचे दोन-तीन खोल ड्रॉवर करून घ्या. सॉफ्ट-क्लोज ही चैन आहे, पण ड्रॉवरला खरोखर उपयोगी. भरलेला ड्रॉवर रोज आपटून समोरची फळी सैल होते.

आखणीतच होणारी बचत

९०० मिमीचा एक बॉक्स केला तर बाजूच्या फळ्या दोन. त्याच जागेत ३०० मिमीचे तीन केले तर सहा, बिजागऱ्याही वाढतात. अरुंद युनिटं गरजेपुरतीच. कोपऱ्यात महाग यंत्रणा बसवण्यापेक्षा कोपरा सरळ बंद करून दोन्ही बाजूंचे ड्रॉवर रुंद करणं अनेकदा सोयीचं पडतं. भिंतीला चिकटणाऱ्या टोकाला ५० मिमीची फिलर पट्टी सोडा, नाहीतर दार उघडताना हँडल भिंतीवर आपटतं आणि शेजारचा ड्रॉवर पूर्ण येत नाही.

सुताराकडून बनवून घेत असाल तर शीट कशी कापली जाते त्यावर बराच पैसा अवलंबून असतो. ८ बाय ४ फुटांची शीट म्हणजे २,४४० बाय १,२२० मिमी. बॉक्सची खोली ५६० मिमी ठेवली तर रुंदीत दोन पट्टे बसतात आणि नव्वदेक मिमीची पट्टी उरते, तीच वरच्या आडव्या पट्ट्यांना कामी येते. एका पट्ट्यात ७२० मिमी उंचीच्या तीन बाजू, दुसऱ्यात एक बाजू आणि तळ-फळ्यांसाठी ५६४ मिमीचे (६०० वजा दोन्ही बाजूंचे १८-१८) तीन तुकडे. म्हणजे एका शीटमधून ६०० मिमी रुंदीचे दोन बॉक्स, फक्त एक फळी कमी. खोली ६०० केली तर उरणारी पट्टी जाते आणि तिच्यासाठी दुसरी शीट फोडावी लागते. कापायच्या आधी हा नकाशा कागदावर मागा. मागे ६ मिमीची फळी खाचेत बसवलेली हवी. नुसती खिळ्यांनी ठोकलेली नको, भिंतीवरच्या कपाटाला तर मुळीच नको.

जुनेच बॉक्स ठेवून फक्त दारं बदलावीत का?

बॉक्स धड असतील तर सर्वात मोठी बचत इथे आहे. सिंकखालच्या तळाला आणि जमिनीलगतच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. रुतलं तर तो बॉक्स गेला. समोरून दोन्ही कर्ण मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बॉक्स गुण्यात (काटकोनात) नाही आणि नवी दारं कधीच सरळ दिसणार नाहीत. बाकी ठीक असेल तर प्रत्येक बॉक्स वेगळा मोजा, एका मापावर सगळ्यांची ऑर्डर देऊ नका. पूर्ण झाकणारं एक दार बॉक्सच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा साधारण ३ मिमी कमी ठेवतात. एखाद-दुसरा सडलेला बॉक्स तेवढा नवा करता येतो, बहुतेक वेळा सिंकचाच.

बसवताना

फरशी सपाट नसते हे गृहीत धरा. तिचा सर्वात उंच बिंदू शोधून तिथून पातळीची रेघ भिंतीवर मारायची, मग खालचे बॉक्स पायांनी वर-खाली करून त्या रेघेला आणायचे. भिंतीवरची कपाटं आधी लावली तर खालच्या बॉक्सवर वाकून काम करावं लागत नाही. काम कोपऱ्यातून सुरू करावं. शेजारचे बॉक्स आधी शिकंज्यात पकडून समोरच्या कडा एका रेषेत आणायच्या आणि मगच ३० मिमीच्या स्क्रूने जोडायचे. ४० मिमीचा स्क्रू दोन १८ मिमी फळ्यांतून पलीकडे डोकावतो. नळ आणि सांडपाण्याच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांना वार्निश आणि सिलिकॉन लावल्याशिवाय सिंक बसवू देऊ नका. ओटा बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही. सिंकखाली ॲल्युमिनियमचा पत्रा, कडा वर वळवलेला, टाकून घ्या. गळती तळाच्या बोर्डावर जाण्याआधी दिसते.

दारं सर्वात शेवटी, आणि ओट्याचं वजन आल्यानंतर एकदा पुन्हा जुळवायची. आधी बाजूचा स्क्रू, मग खोलीचा, मग उंचीचा.

कोटेशन वाचताना एक गोष्ट बघा: दर धावत्या फुटावर आहे की चौरस फुटावर, आणि चौरस फूट असेल तर समोरचं क्षेत्रफळ की सगळ्या फळ्यांचं. धावत्या फुटाच्या दरात ड्रॉवर किती हे बहुतेक लिहिलेलं नसतं, आणि ड्रॉवर नंतर वाढवला की 'एक्स्ट्रा' लागतो. बोर्डाचा प्रकार व जाडी, लॅमिनेट दोन्ही बाजूंना की एका, कडपट्टीची जाडी, मागच्या फळीची जाडी, बिजागरी आणि चॅनलचा मेक, हे सगळं लेखी घ्या. फिलर, टोकाचं पॅनल, स्कर्टिंग, हँडल, सिंकची कापणी आणि जुनं किचन काढून नेणं या सहा गोष्टी कोटेशनमध्ये आहेत का तेही तपासा. स्वस्त कोटेशन आणि दुसऱ्या क्रमांकाचं कोटेशन यांतला फरक बऱ्याचदा एवढ्यातच संपतो.